फळ्यावरचे चार रकाने आणि एडवर्ड सुएस



पृथ्वीची आवरणे हा पाठ आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर चार रकाने आखायचे, वर शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण अशी नावं लिहायची आणि एकेक वस्तू सांगून मुलांना ती योग्य रकान्यात टाकायला लावायची. डोंगर पहिल्यात, समुद्र दुसऱ्यात, वारा तिसऱ्यात, गाय चौथ्यात. तासाच्या आत पाठ संपतो आणि वह्याही छान दिसतात. मीही बरीच वर्षं हेच केलं. एकदा एका मुलीने विहिरीचं पाणी शिलावरणाच्या रकान्यात लिहिलं होतं. मी लाल पेनाने काट मारली. ती उठून म्हणाली की बाई, ते पाणी दगडातूनच झिरपत येतं, आमच्या विहिरीत मी उतरून पाहिलंय. मी घाईघाईने काहीतरी सांगून तिला खाली बसवलं. पण घरी जाताना ती काट मलाच बोचत होती.

मग मी शोधायला लागले की हे रकाने मुळात आखले कुणी. शोधता शोधता एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबले. एडवर्ड सुएस हे त्यांचं नाव. आपल्याकडच्या भूगोलाच्या पुस्तकांत कुठे सुएस छापतात, कुठे स्वेस. कदाचित तुम्हाला हे नाव बी.एड.च्या अभ्यासातलं अंधुक आठवत असेल. पण त्यांचे शब्द मात्र तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहिता. जीवावरण हा त्यांचा शब्द. गोंडवनभूमी त्यांची. टेथिस समुद्र त्यांचा. पृथ्वीच्या अंतरंगाच्या धड्यातले सियाल, सायमा आणि निफे हेही त्यांच्याकडूनच आलेले. आणि गंमत म्हणजे या माणसाने आवरणांचा विचार आधी केला तो एका शहराच्या विहिरींच्या निमित्ताने.

सुएस यांचा जन्म २० ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील व्यापारी होते. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब प्रागला गेलं आणि तो चौदा वर्षांचा झाल्यावर व्हिएन्नाला. व्हिएन्ना ही तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची राजधानी. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी याच शहराला दिलं. शिक्षण तंत्रशिक्षणाच्या संस्थेत सुरू झालं, म्हणजे घरच्यांच्या डोक्यात कारखानदारी किंवा इंजिनिअरिंग असावं. पण १८४८ साली युरोपभर क्रांतीची लाट आली आणि सतरा वर्षांचा हा मुलगाही विद्यार्थ्यांच्या चळवळीत ओढला गेला. नंतर राजवटीने जुने हिशोब काढले तेव्हा काही काळ तुरुंगाची हवाही खाऊन झाली.

याच धामधुमीत त्यांना जीवाश्मांचं वेड लागलं. प्रागच्या संग्रहालयात त्यांनी अतिप्राचीन सागरी जीवांचे दगडात उमटलेले अवशेष पाहिले आणि ते तिथेच अडकले. पालकहो, इथे एक क्षण थांबा. मुलगा इंजिनिअरिंग सोडून दगडांतल्या शिंपल्यांच्या मागे लागला, तर आपल्या घरात काय झालं असतं?

१८५२ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या शाही खनिज संग्रहालयात साहाय्यकाची नोकरी मिळाली. काम होतं शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या सागरी जीवांच्या जीवाश्मांची वर्गवारी करण्याचं. त्यांना विद्यापीठात शिकवायचं होतं, पण हातात डॉक्टरेट नव्हती. साधी व्याख्यानं देण्याची परवानगी मागितली तर पदवी नाही म्हणून नकार मिळाला. मग शिक्षणमंत्र्यांनीच १८५७ साली त्यांना थेट प्राध्यापक नेमलं. म्हणजे ज्यांना वर्गात उभं राहण्याची परवानगी नव्हती, ते सव्विसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. पुढे १९०१ पर्यंत, वयाच्या सत्तरीपर्यंत, ते शिकवत राहिले. विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात जाणं हा त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता.

आता येऊ विहिरींकडे. माझ्या मते त्यांच्या चरित्राचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८६० च्या दशकात व्हिएन्ना झपाट्याने वाढत होतं. १८६९ च्या सुमारास लोकवस्ती सहा लाखांच्या घरात गेली. पाण्याची सोय मात्र जुनीच होती. घराघरांच्या आवारातल्या विहिरी, आणि थोडं नदीकडून आणलेलं पाणी. टायफॉइड दरवर्षीचा पाहुणा, आणि मधूनमधून कॉलऱ्याची साथ. रोग कशाने होतो याबद्दल डॉक्टरांतच एकमत नव्हतं. बऱ्याच जणांना वाटे की घाणीतून उठणारी दूषित हवा हे कारण. जंतूंची गोष्ट अजून पुढे होती. टायफॉइडचा जंतू १८८० मध्ये आणि कॉलऱ्याचा रॉबर्ट कॉख यांच्या कामामुळे १८८३-८४ मध्ये सिद्ध झाला.

अशा वेळी १८६२ साली एकतिशीतल्या या प्राध्यापकाने एक पुस्तक काढलं. विषय काय, तर व्हिएन्ना शहराखालची जमीन! ती कशी बनली, कशी आहे आणि नागरिकांच्या रोजच्या जगण्याशी तिचा काय संबंध आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकाच्या नावातच नागरिकांचं जगणं यावं, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट.

त्यांनी मांडलेलं चित्र आपण फळ्यावर सहज काढू शकतो. सगळ्यात खाली निळसर चिकणमातीचा थर. ही माती पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्यावर डॅन्यूब नदीने आणून टाकलेल्या खड्या-वाळूचा थर. यातून पाणी सहज फिरतं. आणि सगळ्यात वर, माणसांनीच शतकानुशतकं टाकलेला भराव: पडक्या घरांचं रॅबिट, राख, कचरा. पाऊस पडला की पाणी भरावातून, खड्यांतून खाली जातं आणि चिकणमातीवर येऊन थांबतं. विहिरी खणल्या जात त्या याच खड्यांच्या थरात. आणि घराघरांचे मलखड्डे झिरपत तेही याच थरात! म्हणजे शहर जे खाली सोडत होतं, तेच विहिरीतून वर काढून पीत होतं. विहिरीपासून शौचालयाचा खड्डा लांब ठेवा असं आपल्या गावांत सांगतात, त्यामागचं कारण हेच.

लोक हवेला दोष देत होते. सुएस म्हणाले, पायाखाली बघा. त्यांच्याकडे जंतूचा पुरावा नव्हता. होता तो थरांचा आणि पाण्याच्या वाटेचा. दगड, पाणी आणि माणसाचं शरीर यांच्यात भिंत नाही, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलीला दिसलं होतं तसंच म्हणा ना.

नुसतं पुस्तक लिहून ते थांबले नाहीत. १८६३ मध्ये ते व्हिएन्नाच्या नगरपरिषदेत गेले आणि पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या समितीत शिरले. त्यांचं म्हणणं असं होतं की शहराखालचं पाणी विसरा, डॅन्यूबचंही नको, पाणी आल्प्सच्या डोंगरांतून आणा. श्नीबर्ग आणि राक्स या डोंगरांच्या कुशीत काही झरे होते. त्यातला एक कायझरब्रुनेन, म्हणजे सम्राटाचा झरा, आणि दुसरा श्टिक्सेनश्टाइनचा. अंतर सुमारे ९५ किलोमीटर. पाणी आणायचं तेही पंपाविना, नुसत्या उताराने. बोगदे खणायचे, दऱ्यांवर कमानींचे पूल बांधून त्यांवरून पाण्याचा पाट न्यायचा.

विरोध होणारच होता आणि तो झाला. खर्च भयंकर, नदी तर शेजारून वाहते, मग इतक्या लांब कशाला जायचं, असे सवाल आले. गावच्या ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही हे सवाल ओळखीचे वाटतील. पण १८६४ मध्ये नगरपरिषदेने योजना उचलून धरली. पुढच्याच वर्षी सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी कायझरब्रुनेनचा झरा शहराला भेट देऊन टाकला.

झऱ्याचंच पाणी का, हे समजून घेण्यासारखं आहे. ते डोंगर चुनखडीचे आहेत. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणून त्या डोंगरांच्या पोटात भेगा, पोकळ्या आणि गुहा यांचं जाळंच असतं. वरचं बर्फ वितळतं, पाऊस पडतो, ते पाणी या भेगांतून खाली उतरतं आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने गार, स्वच्छ बाहेर पडतं. वर वस्ती नाही, त्यामुळे घाण नाही. आता ही चुनखडी आली कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या जीवांच्या कवचांपासून आणि सांगाड्यांपासून. सुएस संग्रहालयात ज्यांची वर्गवारी करत बसत, तशाच जीवांपासून. म्हणजे बर्फ हवेतून पडलं, पाणी झालं, जुन्या जीवांच्या अवशेषांनी बनलेल्या दगडातून उतरलं आणि शहरातल्या मुलांच्या पेल्यात आलं. सांगा आता, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

१८७३ चं साल व्हिएन्नाला फार जड गेलं. मे महिन्यात शहरात मोठं जागतिक प्रदर्शन उघडलं, आठवड्याभरातच शेअर बाजार कोसळला, आणि त्यात कॉलऱ्याने थैमान घातलं. पाण्याची योजना अजून पुरी व्हायची होती. अखेर २४ ऑक्टोबर १८७३ रोजी श्वार्झेनबर्ग चौकातलं उंच कारंजं सम्राटाच्या उपस्थितीत सुरू झालं आणि डोंगराचं पाणी शहरात पोहोचलं. त्यानंतर जसजशी घरं नव्या पाण्याला जोडली गेली, तसतसं टायफॉइडने मरणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

सगळं बिनचूक झालं असं मात्र नाही. थंडीत डोंगरावरचं पाणी गोठून राहतं आणि झरे बारीक होतात. त्यामुळे पहिल्या काही हिवाळ्यांत पाणी कमी पडलं. शहराला आणखी झरे जोडावे लागले, वाटेत पंपाने भूजलही उपसून घ्यावं लागलं. पुढे १९१० मध्ये दुसऱ्या डोंगरातून दुसरी मोठी जलवाहिनी आली. ती पाहायला सुएस हयात होते. व्हिएन्नातल्या नळांना आजही मुख्यतः या दोन वाहिन्यांचंच पाणी येतं.

याच काळात डॅन्यूब नदीलाही शहराजवळ नवं, सरळ पात्र खोदून देण्याचं काम चालू होतं, कारण १८६२ मध्ये पुराने शहराला मोठा तडाखा दिला होता. त्या कामातही सुएस होते. ते प्रांताच्या विधानसभेत गेले, १८७३ पासून वीसेक वर्षं साम्राज्याच्या संसदेतही होते. राजकारणाचा हा भाग मोठा आहे, पण आपल्या विषयापासून लांब जाईल म्हणून सोडते. एक मात्र सांगायला हवं. १८८८-८९ मध्ये ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा ज्यूद्वेष्ट्या विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला. सुएस यांच्या आईचं घराणं मूळचं ज्यू. त्यांनी राजीनामा दिला. ज्या शहराला पाणी पाजलं त्याच शहरात हे झालं.

आता मूळ शब्दाकडे येते. पाणी आल्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८७५ मध्ये, त्यांचं आल्प्स पर्वताच्या उत्पत्तीवरचं एक छोटेखानी पुस्तक निघालं. पुस्तक पर्वताचं, पण त्यात त्यांनी पृथ्वी ही एकात एक बसलेल्या आवरणांनी बनलेली आहे अशी मांडणी केली. वातावरण हा शब्द युरोपात आधीपासून रूढ होता. त्याच्या जोडीला त्यांनी खडकांचं आणि पाण्याचं आवरण ठेवलं. आणि मग, जवळजवळ जाता जाता म्हणावं तसं, आणखी एक आवरण सुचवलं: सजीवांचं. आपण त्याला जीवावरण म्हणतो. त्याची लांबलचक व्याख्या त्यांनी केली नाही. समजवायला एका साध्या रोपाचं उदाहरण घेतलं. रोप मुळं जमिनीत खुपसून अन्न घेतं आणि त्याच वेळी वर हवेत वाढून श्वास घेतं. म्हणजे सजीव राहतो तो दोन आवरणांच्या मधल्या व्यवहारात.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. ज्यांनी चौथा रकाना दिला, त्यांनी तो रकाना म्हणून दिलाच नव्हता! बाकीची आवरणं जिथे एकमेकांना भिडतात, त्या जागेला त्यांनी नाव दिलं होतं. आपण त्याच्या चारी बाजूंनी रेघा मारल्या.

हा शब्द पुढे बराच काळ फारसा कुणी उचलला नाही. १९२६ मध्ये रशियन शास्त्रज्ञ व्लादिमिर वर्नादस्की यांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि सजीवांनी हवा, पाणी आणि खडक कसे बदलले ते सविस्तर मांडलं. जीवावरणाचा आजचा अर्थ बराचसा त्यांच्यामुळे पक्का झाला.

सुएस यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे पृथ्वीचा चेहरा या अर्थाच्या नावाचा प्रचंड ग्रंथ. पहिला भाग १८८३ मध्ये निघायला सुरुवात झाली आणि शेवटचा १९०९ मध्ये आला. म्हणजे सव्वीस वर्षं! त्याची सुरुवात वर्गात वापरण्यासारखी आहे. ते वाचकाला सांगतात, अशी कल्पना करा की कुणी प्रवासी अवकाशातून पृथ्वीकडे येतोय, ढगांचे पट्टे बाजूला सारतोय आणि खाली फिरणारा गोल बघतोय. त्याला काय दिसेल? भूखंड दक्षिणेकडे निमुळते होत गेलेले दिसतील. पृथ्वीगोल हातात देऊन मुलांना हे शोधायला सांगा. आफ्रिका सापडते, दक्षिण अमेरिका सापडते, आणि मग कुणीतरी ओरडतं की बाई, आपला भारत पण! आज आपण उपग्रहाची चित्रं सहज दाखवतो. त्या वेळी विमानही नव्हतं, हे मुलांना जरूर सांगा.

या ग्रंथासाठी त्यांनी जगभरच्या भूगर्भ सर्वेक्षणांचे अहवाल वाचून काढले. आणि इथे आपला संबंध येतो. भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने मध्य भारतातल्या कोळशाच्या थरांना गोंडवन हे नाव दिलेलं होतं, गोंडांच्या प्रदेशावरून. आपल्या चंद्रपूरला गोंड राजांची राजधानी होती आणि वर्धा खोऱ्यातला, बल्लारपूर-घुग्घूसकडचा कोळसा याच थरांतला. त्यात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. ग्लोसोप्टेरिस हे त्या वनस्पतीचं नाव. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची ही झाडं. तशीच पानं आफ्रिकेच्या दक्षिण भागातही सापडतात. मधे तर अख्खा हिंदी महासागर! मग सुएस यांनी १८८५ च्या सुमारास म्हटलं की हे प्रदेश एके काळी जोडलेले असले पाहिजेत, आणि त्या जुन्या भूमीला गोंडवनभूमी असं नाव दिलं. ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. पण आपल्या गोंड समाजाचं नाव त्यांच्यामुळे जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात गेलं. विदर्भातल्या शिक्षकांनी तर हे वर्गात छाती फुगवून सांगावं.

कोळशाचा तो तुकडाही आपल्या रकान्यांना दाद देत नाही, हेही सांगून टाकते. झाडाने हवेतला कार्बन घेतला, झाड दलदलीत गाडलं गेलं, दगड झालं, आणि आज औष्णिक केंद्रात जळून परत हवेत चाललंय.

१८९३ मध्ये त्यांनी आणखी एक नाव दिलं, टेथिस. गोंडवनभूमीच्या उत्तरेला असलेला आणि आता नाहीसा झालेला समुद्र. हिमालयाचे बरेच खडक त्याच्या तळाशी साचले होते. तुमच्या देवघरात गंडकी नदीतला शाळीग्राम असेल, आणि त्यात चक्राकार खूण असेल, तर नीट बघा. ती बहुधा त्या समुद्रातल्या अमोनाइट नावाच्या जीवाची खूण असते. समुद्रातला जीव, हिमालयातला दगड, नदीने घडवलेला गोटा. आजी पूजा करत असेल तर तिची परवानगी घेऊन मुलांना दाखवा बरं का.

सुएस चुकलेही. पृथ्वी थंड होत आकसते आहे आणि वाळलेल्या सफरचंदाच्या सालीसारख्या तिला सुरकुत्या पडतात, तेच पर्वत, असं ते मानत. गोंडवनभूमीचे मधले भाग खचून समुद्रात बुडाले असं त्यांना वाटे. खंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडली, आणि तीसुद्धा मान्य व्हायला पुढे अर्धं शतक लागलं. पण वेगेनर यांनी वापरलेली बरीचशी सामग्री सुएस यांनीच गोळा करून ठेवलेली होती. निष्कर्ष चुकला तरी पुरावे टिकले.

सियालची गोष्ट राहिलीच. ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्यांनी पृथ्वीच्या थरांना त्यांतल्या मुख्य मूलद्रव्यांवरून नावं दिली. सिलिकॉन आणि मॅग्नेशियमचा सायमा, निकेल आणि लोहाचा निफे. सर्वांत वरच्या सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या थराला मात्र त्यांनी सियाल नव्हे, तर साल म्हटलं होतं! लॅटिनमध्ये साल म्हणजे मीठ, त्यामुळे घोटाळा नको म्हणून वेगेनर यांनी त्याचं सियाल केलं. मराठीपुरतं बोलायचं तर सुएस यांचा शब्दच बरा होता. पृथ्वीची सगळ्यात वरची साल. मुलं तो जन्मात विसरली नसती. हा निव्वळ योगायोग आहे हे त्यांना सांगायचं, नाहीतर परीक्षेत व्युत्पत्ती म्हणून लिहून येतील. आणि हेही सांगायचं की आज भूकंपलहरींच्या अभ्यासावरून कवच, प्रावरण आणि गाभा असे थर मानतात, ही जुनी नावं आता मागे पडली आहेत.

त्या चार हजार कोसांच्या ग्रंथाचं, म्हणजे निदान मला तरी ते तेवढे लांब वाटले, शेवटचं प्रकरण आहे जीवनावर. खडक, पर्वत, समुद्र असं सगळं सांगून झाल्यावर ऐंशीच्या जवळ आलेला हा माणूस परत सजीवांपाशी येऊन थांबतो. १८७५ मध्ये जाता जाता टाकलेला शब्द तिथे पुन्हा भेटतो. मधल्या काळात त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ले पदक मिळालं, १९०३ मध्ये. १९११ पर्यंत ते व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. २६ एप्रिल १९१४ रोजी व्हिएन्नात त्यांचं निधन झालं. पहिलं महायुद्ध सुरू व्हायला तीन महिने होते. त्यांचा मुलगाही पुढे भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला.

आता मी हा पाठ कसा घेते ते थोडक्यात सांगते, कुणाला उपयोग झाला तर बघा. चार रकाने मी अजूनही आखते, कारण परीक्षेत ते लागतात. पण त्याआधी मेथीची एक जुडी वर्गात आणते, मुळांसकट, माती न झटकता. टेबलावर कागद पसरून ठेवते आणि विचारते, ही कुठल्या आवरणात? पहिली पाच मिनिटं सगळे एका सुरात जीवावरण म्हणतात. मग कुणाला मुळांची माती दिसते, कुणी देठ मोडून बोटाला लागलेलं पाणी दाखवतं, कुणी पान नाकाला लावून म्हणतं की वास तर हवेतून येतोय. त्यानंतर विहीर, कोळसा, खडू, शंख, धुकं असे शब्द द्यायचे आणि रकान्याऐवजी बाण काढायला सांगायचे, कुठून कुठे. खडूवर सगळ्यात जास्त भांडण होतं. नैसर्गिक खडू सागरी जीवांच्या कवचांचा असतो, आपल्या हातातला बहुतेक वेळा जिप्समचा. तेवढा फरक आधी सांगून ठेवा. तास पंधरा मिनिटं जास्त लागतो आणि टेबल पुसावं लागतं. मेथी मात्र वाया जात नाही, मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या मावशी ती घेऊन जातात.

त्या मुलीची वही केव्हाच रद्दीत गेली असेल. ती यंदा दहावीला आहे. मागच्या महिन्यात बसथांब्यावर भेटली तेव्हा मी तिला सांगितलं की तुझं विहिरीचं उत्तर चूक नव्हतं, चूक माझी होती. तिला ते आठवतही नव्हतं. ती हसली, आणि म्हणाली की त्या विहिरीवर आता मोटर बसवली आहे, उतरायला कुणी देत नाही.